सव्वावीस इंचांची खूण

दौलत खरात हा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो पाण्याच्या टाकीपाशी, हातात चावी घेतलेला. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच वेंगुर्ल्याकडून नायगावात आले होते. आमच्या गल्लीत दोन चाळी होत्या, पाठीला पाठ लावून उभ्या. पुढच्या चाळीत आम्ही कोकणातली माणसं, मागच्या चाळीत सातारा-सांगलीकडची बौद्ध मंडळी. प्रत्येक चाळीत तीस बिऱ्हाडं. दोन्हीकडची पुरुषमाणसं गिरणीत आणि दोन्हीकडचे जिने सारखेच मोडके.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात चाळींचा जमिनीखालचा नळ गंजून फुटला. मालक दुरुस्ती करीना. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीची गल्लीतली शाखा जोरात होती आणि तिचे चिटणीस बाबुराव हे खटपटी गृहस्थ. त्यांनी कुठल्याशा गिरणीच्या भंगारातून लोखंडाची एक गोल टाकी मिळवली. दहा फूट लांब, चार फूट उंच, पडलेल्या ओंडक्यासारखी आडवी. ती दोन्ही चाळींच्या मधल्या चौकात विटांवर बसवली. रस्त्यावरच्या मोठ्या नळाची बारीक धार रात्रभर तिच्यात पडायची आणि पहाटे साडेपाचला वाटप सुरू व्हायचं.

वाटपाचा नियमही बाबुरावांनीच केला. कुणाचा हंडा मोठा, कुणाचा लहान, म्हणून हंडे मोजून भांडणं नकोत. टाकीत एक लाकडी काठी बुडवायची. तिच्यावर इंचांच्या खुणा होत्या. जितके इंच पाणी असेल त्याचे दोन सारखे भाग. पहिला भाग एका चाळीला, खालचा भाग दुसरीला. कोणती चाळ आधी, हे महिन्यामहिन्याला बदलायचं. आणि चावी? चावी दौलतकडे द्यायची, हे दोन्ही चाळींनी एकमुखानं ठरवलं.

त्याला कारण होतं. दौलत तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. गिरणीच्या रंगखात्यात दुसऱ्या पाळीला काम करायचा आणि सकाळी फोर्टातल्या कॉलेजात बी.ए. करायचा, तेही गणित घेऊन. छप्पन्न सालच्या सत्याग्रहात तो आणि माझे यजमान जगदीश अकरा दिवस एकाच बराकीत होते. तिथं भाकऱ्यांची वाटणी दौलत करायचा आणि त्याच्या वाटणीवर कुणी कधी हूं की चूं केलं नाही, असं आमच्या घरी नेहमी सांगितलं जाई.

अठ्ठावन्नच्या एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. टाकी काठोकाठ भरायची, अठ्ठेचाळीस इंच. एप्रिलात आमची चाळ आधी होती. चोवीस इंच आम्ही घ्यायचो, चोवीस ते. दर बिऱ्हाडाला चार हंडे मिळून वर थोडं उरायचं.

मे महिन्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या. रस्त्याच्या नळाचा जोर कमी झाला आणि टाकी छत्तीस इंचच भरू लागली. आणि पाळी बदलली. मागची चाळ आधी, आम्ही नंतर.

पहिल्याच दिवशी आमच्या चाळीतल्या शेवटच्या आठ बिऱ्हाडांना पाणी मिळालं नाही. त्यांत आमचंही होतं. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. मी रिकामा हंडा घेऊन उभी आणि तोटीतून नुसती हवा. मागच्या चाळीत मात्र तीसही घरी चार-चार हंडे पोचले होते. काठीप्रमाणं अठरा इंच त्यांचे, अठरा आमचे. मग आमच्या अठरांत पाणी कमी का?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी रांगेतून मोठ्यानं बोलले, "मागच्या चाळीला पाणी, आणि आम्हाला काठी!" बायका हसल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं.

पण त्या हसण्यानं तोंडं सुटली. आमच्या चाळीत सीताराम म्हणून होते, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला. गडी कष्टाळू, पण जीभ तिखट. ते पुढं आले आणि दौलतच्या तोंडावर म्हणाले, "चावी जेच्या हातात, पाणी तेच्या घरात. ह्यां कळूक शाळा शिकूक लागत नाय."

 मागच्या चाळीतली पोरं अंगावर यायला निघाली. दौलतनं त्यांना हातानं थांबवलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही.

"सीतारामभाऊ, रविवारपर्यंत थांबा," तो म्हणाला. "तुमचं पाणी कमी पडतंय हे मी डोळ्यानं पाहतोय. ते कुठं जातं, हे रविवारी सगळ्यांसमोर दाखवीन. नाही दाखवता आलं तर चावी तुम्ही ठेवा."

त्या दिवशी त्याची बायको रखमा पाण्याला आली ती मान खाली घालून. एरवी माझ्याशी दोन शब्द बोलायची, त्या दिवशी बोलली नाही.

संध्याकाळी जगदीश पाळीवरून आले तेव्हा त्यांना झालेलं कळलं. माझं वाक्यही कळलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. चहा न घेताच मागच्या चाळीत गेले आणि दौलत दुसऱ्या पाळीवरून येईपर्यंत तिथंच थांबले. तिथं जे झालं ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मी तिथंच होते असं मला वाटतं.

शनिवारी जगदीशनी पाळी बुडवली आणि सकाळी दोघांनी मिळून टाकी मोजली. सुतळीनं घेर घेतला, पत्र्याची जाडी वजा केली, लांबी फुटपट्टीनं दोनदा पाहिली. मग दौलत वही घेऊन ओट्यावर बसला. जगदीशना गणिताचा गंध नव्हता, पण ते शेजारी बसून राहिले.

अर्ध्या तासानं दौलत म्हणाला, "जगदीश, चोर सापडला. काठी."

"काठी पाणी पिते काय?"

"काठी उंची मोजते रे, पाणी मोजत नाही. टाकी चौकोनी असती तर प्रश्न नव्हता. ही गोल आहे, आणि आडवी. हे बघ." त्यानं वहीत एक वर्तुळ काढलं आणि त्यावर आडव्या रेघा ओढल्या. "पाण्याचे असे आडवे पातळ काप केले असं समज. प्रत्येक काप म्हणजे एक लांबोळकी फळी. लांबी सगळ्यांची दहा फूट. पण रुंदी? मध्यावर चार फूट. तळापासून सहा इंचांवर जेमतेम बत्तीस इंच. तीन इंचांवर तेवीस. अगदी बुडाला काहीच नाही."

"मग?"

"मग वरच्या एका इंचात जेवढं पाणी, तेवढं तळच्या इंचात नाही. छत्तीस इंचांपैकी वरचे अठरा आमच्याकडे येतात, त्यांत टाकीचं पोट येतं. तुमच्या वाट्याला बूड."

हे कॉलेजात नुकतंच शिकवलेलं होतं. त्यांच्या सरांनी फळ्यावर एक विचित्र वस्तू काढली होती. खाली वर्तुळाचा पायथा आणि उभी कापली तर प्रत्येक काप चौरस. तिचं घनफळ काढायचं. दौलतनं विचारलं, सर, अशी वस्तू कुठं मिळते? सर म्हणाले, मिळो न मिळो, कापाचं क्षेत्रफळ ठाऊक असेल तर वस्तू तुमच्या मुठीत आली. प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ कडेपासूनच्या अंतराच्या भाषेत लिहा, त्याला केसाएवढी जाडी द्या आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळ्या कापांची बेरीज करा. ती बेरीज करायची युक्ती म्हणजेच कॅल्क्युलस. दौलतनं ते परीक्षेसाठी म्हणून वहीत उतरवून घेतलं होतं. आता तीच वही मांडीवर होती आणि चौरसाच्या जागी आयत होता, एवढाच फरक.

त्यानं हिशेब दोन रीतींनी केला. आधी कॅल्क्युलसनं. मग त्यावर विसंबून न राहता इंचाइंचाचे छत्तीस काप पाडून, प्रत्येकाची रुंदी पायथागोरसच्या नियमानं काढून, हातानं बेरीज. दोन्ही उत्तरांत एका डब्याचाही फरक पडला नाही. छत्तीस इंच पाण्यात सुमारे दोनशे दहा हंडे. वरच्या अठरा इंचांत एकशे वीस, खालच्या अठरांत नव्वदला एक कमी. टाकी काठोकाठ भरलेली असली की वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारखाच, म्हणून एप्रिलात कुणाला काही कळलं नव्हतं.

"म्हणजे तू सुटलास!" जगदीश उठून उभे राहिले.

"मी सुटलो. पण तुमच्या वाट्याचे पंधरा हंडे रोज आमच्याकडे येतात, हेही त्यातच आलं. पहिल्या चाळीनं अठरा इंचांवर नाही, सव्वावीसवर थांबायला हवं."

आतून कुशाबा हे ऐकत होते. कुशाबा म्हणजे दौलतचे थोरले चुलते. त्यांना दोन्ही चाळींत आबाच म्हणत. गिरणीतून निवृत्त झालेले, ताठ. सत्तावीस साली महाडला चवदार तळ्यावर गेलेले आणि पाठीवर काठ्या झेललेले. ते बाहेर आले.

"दौलत, तुला येड लागलं का? त्यांनी भर चौकात तुला पाणीचोर म्हटलं. पाण्यावरनं! आन तू आपल्या बायकांच्या हंड्यातलं पाणी काढून त्यांना देणार?"

"आबा, मी देणारा कोण? ते त्यांचंच आहे."

"मग गप बस की. चोरी न्हाई केली एवढं सांग. इंच सारखे हायेत, काठी त्यांच्याच बाबुरावानं केलीया. पंधरा हंड्यांची गोष्ट कुणी इचारलीया तुला?"

"कुणी विचारली नाही, पण मला दिसली. आबा, तुम्ही महाडला गेलात ते पाणी सगळ्यांचं सारखं आहे म्हणूनच ना? मग मोजताना ते सारखं नको?"

कुशाबा वळले. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रखमानं दोनदा जेवायला बोलावलं, उठले नाहीत. जगदीश घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि काळजी जास्त होती. "उद्या दौलत दोन्हीकडून मार खाणार," असं ते मला म्हणाले.

रविवारी गिरण्या बंद. सकाळी सहाला चौक भरून गेला. माणसं जिन्यांवर, कठड्यांवर. दौलतनं भिंतीला पाटी टेकवून ठेवली होती आणि घासलेटचा चार गॅलनचा एक डबा स्वच्छ घासून आणला होता. टाकीत बरोबर छत्तीस इंच पाणी होतं. बाबुरावांनी स्वतः काठी बुडवून पाहिलं.

"दर सहा इंचांना एक टप्पा," दौलतनं सांगितलं. "प्रत्येक टप्प्यात किती डबे निघतील ते मी आधीच लिहिलंय. एक डबा पुढच्या चाळीला, एक मागच्या. आज कुणाचं पाणी वाया जाणार नाही. मोजणार सीतारामभाऊ. काठी वाचणार बाबुराव. मी तोटीला हात लावणार नाही."

पाटीवर वरून खाली सहा आकडे होते: एकोणतीस, एकतीस, एकतीस, एकोणतीस, चोवीस, चौदा.

सीतारामांनी पाटीकडे पाहिलं आणि हसले. "इंच सगळीकडे सहाच ना? मग वर एकतीस आणि खाली चौदा? टाकीक भोक आसा काय?"

"भाऊ, एक विचारू?" दौलत म्हणाला. "वखारीत गोल ओंडका आडवा घालून फळ्या पाडता. सगळ्या फळ्या सारख्या जाडीच्या. मग सगळ्या सारख्या रुंदीच्या निघतात का?"

"ह्यां काय इचारतंस? मधली फळी रुंद, कडेची अरुंद. लहान पोरगो पण सांगात." असं म्हणता म्हणता त्यांची नजर टाकीवर गेली. आडवी पडलेली, गोल, ओंडक्यासारखी.  त्यांनी डबा उचलला आणि तोटीखाली धरला.

मोजणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात एकोणतीसऐवजी तीस डबे निघाले. आमच्या जिन्यावरून कुणीतरी शीळ घातली. दौलत म्हणाला, "डबा काठापर्यंत भरा, दोन बोटं कमी राहतोय. तरी एखादा मागेपुढे होईल." दुसऱ्या टप्प्यात एकतीस. तिसऱ्यात एकतीस. आता शीळ नव्हती. चौथ्यात एकोणतीस. लोक पाटीकडे बघत, मग काठीकडे, मग पुन्हा पाटीकडे. पाचव्या टप्प्यात चोवीस झाले आणि बाबुराव ओरडले, "बारावरून सहा! बरोबर सहा इंच उरलं!"

शेवटच्या टप्प्याला सीताराम प्रत्येक डबा मोठ्यानं मोजू लागले आणि त्यांच्याबरोबर दोन्ही चाळी. बारा. तेरा. चौदावा डबा भरत आला तशी धार बारीक झाली, तुटली, आणि तोटीतून हवा आली. नऊ वाजून गेले होते.

टाळ्या पडल्या. आमच्याही चाळीतून पडल्या. पण दौलत हात वर करून उभा राहिला. "अजून एक गोष्ट राहिली," तो म्हणाला. "चोरी झाली नाही हे तुम्ही पाहिलंत. पण अन्याय झालाय. या महिन्यात आमच्या चाळीला रोज पंधरा हंडे जास्त गेले. नकळत गेले, तरी गेले. उद्यापासून छत्तीस इंच पाणी असेल तर पहिली चाळ सव्वावीसवर थांबेल. प्रत्येक घराला साडेतीन हंडे, दोन्हीकडे. कमी-जास्त पाण्याचा तक्ता मी करून देतो."

मागच्या चाळीतून कुरकुर उठली. एक बाई स्पष्ट म्हणाली, "आमच्या अर्ध्या हंड्याचं काय?" आणि ते खरंच होतं. उन्हाळ्यात अर्धा हंडा म्हणजे एका माणसाची आंघोळ. आमच्या चाळीतल्या एकानं विचारलं, "रोज असंच डब्यानं का वाटत नाही?" तर बाबुरावांनी घड्याळ दाखवलं. साडेतीन तास गेले होते. पाळीवर जाणारी माणसं रोज कुठून आणणार साडेतीन तास?

तेवढ्यात कुशाबा पुढं आले. मला वाटलं, आता हे दौलतला सर्वांदेखत झाडणार. पण ते सरळ सीतारामांसमोर जाऊन उभे राहिले.

"पाणी मोजून झालं," ते म्हणाले. "आता त्या दिशी बोलला ते शब्द मोजा."

 सीतारामांनी डबा खाली ठेवून दौलतपुढं हात जोडले. "चुकलंय. माझ्या तोंडाक आवर नाय. दौलत, नवी काठी मी करतंय. सागवानाची. खुणा तू सांग."

"शब्द मोजा" हे ऐकताना माझे कान तापले होते. सीतारामांनी तरी तोंडावर म्हटलं होतं, मी रांगेत लपून म्हटलं होतं. मी गर्दीतून वाट काढत रखमाकडे गेले आणि म्हटलं, "त्या दिवशी काठीचं मी बोलले होते." ती म्हणाली, "ठाऊक आहे. आवाज ओळखते मी तुझा." मग आपला भरलेला हंडा उचलून माझ्याकडे कलता करत म्हणाली, "हंडा धर, अर्धा तुझा भरायचा राहिलाय."

नवी काठी आठवड्यात आली. तिच्यावर इंच नव्हते, हंडे होते. मध्यावर खुणा दाट, टोकांकडे विरळ. पहिल्या दिवशी तिच्याप्रमाणं वाटप झालं तेव्हा मागची चाळ आधी होती. सव्वावीस इंचांच्या जागी, एकशे पाच हंड्यांच्या खुणेवर पाणी आलं आणि तोटी बंद करायला दौलत वाकला, तर कुशाबांनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः चावी फिरवली. "पुढची चाळ या," असं त्यांनीच हाक मारून सांगितलं. त्या वर्षी आणि पुढच्या उन्हाळ्यातही टाकीवर भांडण झालं नाही. सभांना, मोर्च्यांना दोन्ही चाळी एकत्रच निघत. साठ सालच्या एक मेला आपलं राज्य झालं तेव्हा चौकात एकच मांडव घातला होता.

दौलतनं एकोणसाठ साली बी.ए. केलं. दुसऱ्या वर्गात. रंगखात्यातला पगार बरा होता, पण त्याला रंगाच्या वाफेत राहायचं नव्हतं. शिवडीला तेलाच्या एका डेपोत टाक्यांची मापं घेणारा कारकून हवा होता, तिथं त्यानं अर्ज केला. मुलाखतीला अकरा जण होते. साहेबानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. गोल टाकी आडवी ठेवलीय, पाव उंचीपर्यंत तेल आहे, तर टाकीच्या मानानं तेल किती? बाकीचे सगळे म्हणाले, पाव. दौलत म्हणाला, "पावापेक्षा कमी. शंभरात साडेएकोणीस."

साहेबानं विचारलं, "पाठ केलंय?"

"नाही साहेब. सांगत असाल तर काप पाडून दाखवतो."

साहेबानं कागद पुढं केला. दौलतनं वर्तुळ काढलं, रेघा ओढल्या आणि दहा मिनिटांत उत्तर मांडलं. मग साहेबानं चौकशी केली, हे कुठं शिकलास? दौलतनं कॉलेजचं नाव सांगितलं आणि चाळीतल्या टाकीचं सांगितलं. सोमवारपासून ये, असं उत्तर मिळालं.

तिथं तो अठ्ठावीस वर्षं होता. उभ्या टाक्या, आडव्या टाक्या, पोचे पडलेल्या रेल्वेच्या तेलवाघिणी, सगळ्यांचे तक्ते त्यानं केले. एकदा एका टाकीचं बूड एका बाजूला खचलं होतं, तिचा जुना तक्ता कुणी बदलायला तयार नव्हतं. यानं तीन रविवार खर्चून नवा केला. बढती त्याला उशिरा मिळाली. त्याचं कारण तो कधी बोलला नाही, आम्हाला कळत होतं. पण डेपोत मापावरून वाद झाला की दोन्हीकडचे म्हणत, खरातांना बोलवा.

एकसष्टात नवा नळ आला आणि टाकी भंगारात गेली. दौलत आणि रखमा मात्र नायगावातच राहिले. माझी अंबिका नववीत गणितात नापास झाली तेव्हा मी तिला घेऊन त्यांच्या खोलीत गेले. "भावजी, हिचं काही होईल का?" असं विचारलं. त्यानं तिला समोर बसवलं, एक बटाटा आणि सुरी दिली आणि म्हणाला, "काप कर. सगळे सारख्या जाडीचे. मग सांग, कोणता सगळ्यांत मोठा आणि का." दोन वर्षं ती दर रविवारी जात होती. मॅट्रिकला तिला गणितात बासष्ट मिळाले. मी पेढे घेऊन गेले तर दौलत म्हणाला, "वहिनी, बासष्ट चांगलेच आहेत. आता हिला गणित सोडू देऊ नका." तिनं सोडलं नाही. रखमानं आम्हाला जेवूनच जायला लावलं.